एकादशकोन

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे निमंत्रण आले आणि शाळेच्याही आधी आमचे भूमितीचे सर आठवले. त्यांचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही. सहावीच्या वर्गात जो बसला त्याला ते ठाऊक आहे.

बहुभुजाकृतींची नावे सरांनी कधी घोकून घेतली नाहीत. ती आपल्या गावाभोवतीच आहेत, असे ते म्हणत. त्र्यंबकेश्वरातला ‘त्रि’ त्रिकोणात, पंचवटीच्या पाच वडांचा ‘पंच’ पंचकोनात आणि सप्तशृंगीच्या सात शिखरांचा ‘सप्त’ सप्तकोनात त्यांनी आम्हांला दाखवला. एकेका आकृतीचे नाव कोनांवरून आणि साऱ्या कुळाचे भुजांवरून का, असे एकाने विचारले, तेव्हा त्यांनी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडल्या. एक बाजू जिथे संपते त्याच शिरोबिंदूपासून दुसरी निघते, म्हणून बंद आकृतीत बाजू आणि कोपरे सारखेच भरतात, हे त्या काड्यांनी आम्हांला कायमचे समजले.

साल 1995 असावे. 2 रुपयांचे अनेक बाजूंचे नाणे तेव्हा चलनात होते. सरांनी ते माझ्या हातात ठेवून बाजू मोजायला सांगितल्या. मी बारा मोजल्या, पुन्हा मोजल्या तर दहा भरल्या. वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्यांनी एका कोपऱ्यावर शाईचा ठिपका दिला आणि म्हणाले, “जिथून निघालास तिथे आधी खूण कर, बाळा. परत तिथे आलास की थांब.” या वेळी अकरा भरल्या. “तुझी आई उपास करते ती तिथी कोणती?” मी म्हणालो, “एकादशी.” “मग हा एकादशकोन.”

आज सातपूरला माझा छोटा कारखाना आहे आणि तिथे षटकोनी नट तयार होतात. समोरासमोरच्या समांतर बाजूंवर पाना बसतो आणि साठ अंश फिरवला की पुन्हा तशीच पकड मिळते, हे नव्या कामगाराला समजावताना माझ्या तोंडून सरांचेच शब्द येतात.

आता 2 रुपयांचे नवे नाणे गोल झाले, याचे मला वाईट वाटते. 20 रुपयांच्या नाण्याला मात्र बारा बाजू आहेत. ते पाहायला सर हवे होते. बारा वर्षांनी येणाऱ्या आपल्या सिंहस्थावरून त्यांनी द्वादशकोन शिकवला असता.