तास एक, भाषा दोन

मॉरिशसचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो: "तिथे आपली मराठी माणसं आहेत म्हणे. घरात मराठी बोलतात का?" बहुतेक घरांत नाही बोलत, असं सांगितलं की दुसरा प्रश्न तयारच असतो आणि त्यात थोडी नाराजीही असते: "मग ते मराठी कसले?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका वाक्यात उत्तर दिलं तर त्या माणसांवर अन्याय होईल.

या बेटावर मूळचं कुणीच नाही. डचांनी १६३८ मध्ये वस्ती केली तेव्हा तिथे माणूस राहत नव्हता. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. जिंकताना इंग्रजांनी रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखायचं मान्य केलं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं झालं तरी फ्रेंच भाषा हलली नाही. आजही तिथले कायदे इंग्रजीत असतात आणि सकाळचं वर्तमानपत्र बहुधा फ्रेंचमध्ये.

फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले होते. त्या गुलामांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मालकाचीही येत नव्हती. त्या अडचणीतून क्रिओल घडली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण ती संपणार हे दिसू लागलं तेव्हापासूनच उसाच्या मळ्यांना हात हवे झाले होते. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, भरून जहाजं जाऊ लागली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्याच धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसं होती. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने आजही नाचतात.

तर मराठी सुटली कशी? एकदम नाही सुटली. मराठी माणसं संख्येने थोडी होती आणि ज्या मळ्यांवर, ज्या गावांत ती राहिली तिथे बिहारकडच्या लोकांची भोजपुरी चालायची. शेजारणीशी, दुकानदाराशी, शेतात बरोबर राबणाऱ्याशी भोजपुरीच. तमिळ आणि तेलुगू कुटुंबांचंही तेच झालं. पुढे शाळा, शहर, बाजार आणि गिरणी यांनी भोजपुरीची जागा क्रिओलला दिली. म्हणजे मराठी घरानं एकदा नाही, दोनदा भाषा बदलली. हे आळसापायी झालं असं म्हणणाऱ्याने त्या मळ्यावरच्या दिवसाचे तास मोजावेत.

क्रिओलला 'मोडकी फ्रेंच' म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. जवळून पाहा. फ्रेंचमध्ये नामाच्या आधी येणारं उपपद क्रिओलमध्ये नामालाच चिकटून गेलं. 'दिलो' म्हणजे पाणी, 'दिरी' म्हणजे तांदूळ आणि भातसुद्धा, 'लाकाझ' म्हणजे घर, 'लाप्ली' म्हणजे पाऊस. 'झांफां' म्हणजे मूल. त्यातला 'झ' फ्रेंच अनेकवचनी उपपदाच्या शेपटातून आला आणि एकवचनातही राहिला. अनेकवचन करायचं तर आधी 'बान' लावायचं: 'बान झांफां', मुलं. क्रियापदाला काळाप्रमाणे प्रत्यय लागत नाहीत, आधी एक छोटा शब्द येतो. 'मो मांझे' म्हणजे मी खातो. 'मो पे मांझे', मी खातोय. 'मो फिन मांझे', माझं खाऊन झालंय. 'मो ति मांझे', मी खाल्लं. 'मो पू मांझे', मी खाईन. किती नेटकी रचना आहे ही! ज्या भाषेत काळाची अशी चोख मांडणी आहे ती मोडकी कशी? तिचा एकच दोष होता, ती गुलामांच्या तोंडची होती.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. मॉरिशसच्या जनगणनेत भाषेचे दोन वेगळे प्रश्न असतात. एक, तुम्ही घरात सहसा काय बोलता. दुसरा, तुमच्या पूर्वजांची भाषा कुठली. पहिल्याच्या उत्तरात २०११ साली सुमारे ८४ टक्के लोकांनी क्रिओल सांगितली आणि २०२२ मध्ये ते प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात गेलं. दुसऱ्याच्या उत्तरात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, चिनी भाषा अशी सगळी मंडळी हजर असतात. याहून चकित करणारी गोष्ट धर्माच्या रकान्यात आहे. तिथे हिंदूबरोबर तमिळ, तेलुगू आणि मराठी अशीही उत्तरं येतात आणि ती वेगळी मोजली जातात. आपल्याला हे ऐकून गोंधळायला होतं, कारण आपण मराठी म्हणतो तेव्हा जिभेवरची भाषा डोळ्यांसमोर असते. तिथे मराठी म्हणजे कुळ, देवघर आणि सणाची पद्धत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तमिळांच्या थाईपुसम कावडीला असते, तेलुगूंच्या उगादीला असते, ईदला आणि चिनी नववर्षालाही असते. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिये उतरल्याची. कॅलेंडर बघितलं तरी कोण कुठून आलं ते कळतं.

मग राष्ट्रभाषा कुठली, असाही प्रश्न ओघाने येतो. १९६८ मध्ये स्वातंत्र्याबरोबर आलेल्या घटनेने देशाची अधिकृत भाषा ठरवलीच नाही. संसदेची भाषा इंग्रजी, आणि सभासदाला फ्रेंचमध्ये बोलता येईल, एवढंच ४९ वं कलम सांगतं. निवडणुकीला उभं राहायचं तर सभागृहाच्या कामात भाग घेता येईल इतकं इंग्रजी यायला हवं. बहुतेकांच्या घरातल्या क्रिओलचा त्यात उल्लेख नाही. माझ्या मते तेव्हा यात शहाणपण होतं. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती आणि १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगल झाली होती. अशा वेळी एका भाषेला सिंहासनावर बसवणं म्हणजे बाकीच्यांना दाराबाहेर उभं करणं. इंग्रजी कुणाच्याच आजीची नव्हती, म्हणून ती सगळ्यांना सोसली. राष्ट्रगीतही इंग्रजीतच आहे.

पण प्रश्न मिटला नाही, नुसता झाकला गेला. १९८२ मध्ये 'एन सेल लेपेप, एन सेल नास्यों', म्हणजे एकच लोक, एकच राष्ट्र, अशी घोषणा देणाऱ्या पक्षाच्या आघाडीने साठच्या साठ जागा जिंकल्या. १९८३ च्या मार्चमध्ये स्वातंत्र्यदिनाला सरकारी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रिओलमधून वाजलं आणि गदारोळ उठला. लवकरच ते सरकार फुटलं. कारणं आणखीही होती, पण भाषेची ठिणगी त्यात होती. १९९५ मध्ये तर थेट शाळेच्या गुणांवरून सरकार गेलं. तेव्हा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेतल्या क्रमांकावर नावाजलेल्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळायचा. हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी अशा भाषांचे गुण त्या क्रमांकात धरायचे की नाही, हा वाद होता. धरले तर त्या भाषा न शिकणाऱ्या मुलांवर अन्याय, न धरले तर त्या भाषा शिकायचं कारणच उरत नाही. सरकारने त्यासाठी घटनादुरुस्ती मांडली, ती पडली, निवडणूक लागली आणि सत्ताधारी आघाडीला एकही जागा मिळाली नाही. पुन्हा साठ-शून्य.

आणि १९९८ ची नोट. मॉरिशसच्या नोटांवर रक्कम आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग हिंदीत लिहायचा रिवाज होता. त्या वर्षी आलेल्या नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज खवळला, कारण हिंदी भाषकांच्या आधी आपण बेटावर आलो हे त्या क्रमातून तो वाचत होता. नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. बाहेरच्याला ही क्षुल्लक कुरबुर वाटेल. पण जिथे सगळेच बाहेरून आलेले, तिथे कोण कधी उतरला हीच वतनाची सनद असते.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा भाग, शाळेचं वेळापत्रक. प्राथमिक शाळेत पुस्तकं इंग्रजीत. फ्रेंच हा सक्तीचा विषय. बाई समजावून सांगतात फ्रेंचमध्ये किंवा क्रिओलमध्ये, मैदानावर क्रिओलच. याखेरीज दिवसात एक तास ऐच्छिक भाषेचा. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांतली एक निवडायची. त्या तासाला वर्ग फुटतो आणि मुलं आपापल्या भाषेच्या खोलीत जातात. आफ्रिकी वंशाच्या क्रिओल समाजातल्या मुलांना अशी 'पूर्वजांची भाषा' नव्हती; गुलामांच्या जहाजाने ती पुसून टाकली होती. गणिताच्या पुस्तकातलं वाक्यच न कळल्याने मागे पडणाऱ्या मुलांमध्ये हीच मुलं फार.

क्रिओलला मान आणि शाळेत जागा मिळावी म्हणून अनेकांनी आयुष्य वेचलं. देव विरासामी या तेलुगू वंशाच्या नाटककाराने १९६७ पासूनच क्रिओलला राष्ट्राची भाषा मानावं असा आग्रह धरला आणि तिला 'मोरिस्यें', म्हणजे मॉरिशसची, हे नाव सुचवलं, कारण 'क्रिओल' हे भाषेचं आणि एका समाजाचंही नाव आहे. अडचण लिपीच्या वळणाचीही होती. रोमन अक्षरांत फ्रेंचसारखं लिहायचं की उच्चाराप्रमाणे, यावर वर्षानुवर्षं वेगवेगळे गट वेगवेगळं लिहीत होते. २००९ मध्ये क्रिओलचा क्रिओलमध्येच अर्थ देणारा मोठा कोश आला, २०११ मध्ये लेखनाचे अधिकृत नियम ठरले आणि २०१२ मध्ये पहिलीच्या वर्गात क्रिओल विषय म्हणून आली.

पण आली कुठे? त्याच ऐच्छिक तासात. मराठीच्या, हिंदीच्या, उर्दूच्या समोर. म्हणजे मराठी घरातल्या मुलाने क्रिओल घेतली तर त्याची मराठी जाते आणि मराठी घेतली तर घरात बोलतो ती भाषा लिहायला शिकता येत नाही. परिणाम सरळ आहे: मराठी पालक मराठीचा अर्ज भरतात, तमिळ पालक तमिळचा, आणि क्रिओलच्या खोलीत मुख्यतः क्रिओल समाजाचीच मुलं उरतात. जी भाषा नव्वद टक्के घरांची, ती वेळापत्रकाच्या एका रकान्यामुळे एका समाजाची 'पूर्वजांची भाषा' होऊन बसते. वाईट हेतूने कुणी हे केलं असं मी म्हणत नाही. तासिका कमी, शिक्षक कमी, आणि कुणाला दुखवायचं नाही, या तीन अडचणींतून ते झालं. उपाय माझ्या मते एकच आहे. क्रिओलला त्या तासातून बाहेर काढून सगळ्यांना, पहिल्या दोन-तीन इयत्तांत, वाचन-लेखनाची पायाभूत भाषा करायला हवं आणि ऐच्छिक तास पूर्वजांच्या भाषांना मोकळा ठेवायला हवा. खालच्या इयत्तांत मुलांना सोयीची भाषा वापरायला तिथल्या शिक्षणाच्या जुन्या कायद्यातही वाव आहे.

मराठीच्या खोलीत काय होतं, हेही सांगते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षक तयार होतात. मुलं बुद्धीने चलाख, पण घरची भाषा क्रिओल, म्हणून ठरावीक ठिकाणी अडखळतात. क्रिओलमध्ये नामाला लिंग नाही, त्यामुळे 'तो आंबा, ती चिंच, ते फूल' हे पाठच करावं लागतं. क्रियापद कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' यात खाणारा तोच असून शेवट का बदलतो हे पटत नाही. क्रिओलच्या घरगुती बोलीत 'श' चा 'स' होतो, म्हणून 'शाळा' हा शब्द दोन्ही बाजूंनी कठीण: सुरुवातीला 'श', शेवटी 'ळ'. अशा वेळी चांगला शिक्षक नियम सांगत बसत नाही. एकच क्रियापद घेऊन पाच खाण्याचे पदार्थ पुढे ठेवतो आणि खाल्ला-खाल्ली-खाल्लं तोंडात बसेपर्यंत म्हणून घेतो. समजावणी अर्थात क्रिओलमध्येच. ज्या शिक्षकाला क्रिओल तुच्छ वाटते त्याला मराठीही शिकवता येत नाही.

तेव्हा 'मग ते मराठी कसले' याला माझं उत्तर असं: पाच-सहा पिढ्या दूर राहून, दोन भाषा बदलून, ज्यांनी जनगणनेच्या कागदावर मराठी लिहायचं सोडलं नाही, ते मराठी. आणि तेवढेच ते मोरिस्यें, मॉरिशसचे, कारण शेजारच्या मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाच्या माणसाशी ते ज्या भाषेत भांडतात आणि ज्या भाषेत त्याच्या दुःखात सामील होतात ती क्रिओल आहे. यातलं एक खरं आणि दुसरं उसनं, असं नाही.

तुम्ही तिथे जाणार असाल तर आणखी एक. ओळखीचं आडनाव दिसलं म्हणून समोरच्यावर एकदम भरभर मराठीचा मारा करू नका. तो ओशाळतो, फ्रेंचमध्ये उत्तर देतो आणि बोलणं तिथेच संपतं. आधी नमस्कार म्हणा. तो शब्द त्याचाही आहे. मग 'की मान्येर?' असं विचारा, म्हणजे कसं काय. तो 'मो ब्यें' म्हणेल, मी बरा आहे. त्यानंतर गणपतीचा विषय काढा, आणि मराठी त्याला जितकी येते तितकी त्याच्या तोंडून येऊ द्या.