पेबॅक २३ महिने

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तयार होतं. कास्टिंग बाहेरून येतं. आम्ही मशीनिंग करतो, धुतो, लीक टेस्ट करतो, डोळ्यांनी तपासतो आणि पाठवतो. ड्रॉइंगवर साठाच्या वर मापं आहेत, प्रत्येकाला टॉलरन्स आहे, काही तर मायक्रॉनमध्ये. पोरोसिटीबद्दल, म्हणजे धातूतल्या छिद्रांबद्दल, मात्र खालच्या कोपऱ्यात एकच ओळ: सीलिंगच्या जागी अपायकारक पोरोसिटी नसावी. किती मिलीमीटरचं छिद्र अपायकारक, ते लिहिलेलं नाही. ही एक ओळ आमच्याकडे सहा माणसं सांभाळत होती. तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला दोघं, ट्यूबलाइटखाली टेबल, हातात भिंग, दर चाळीस सेकंदांना एक पार्ट.

सहापैकी पाच जण कॉन्ट्रॅक्टरचे. सहावी ट्रेनी, बी. ई. मेकॅनिकल, मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून फर्स्ट क्लास. तिच्या वर्गातले बरेचसे आयटीत गेले. मेकॅनिकलच्या जागा प्रवेशाच्या कॅप राउंडनंतरही रिकाम्या राहत होत्या आणि कॉम्प्युटरला रांग लागत होती, तेव्हा हिने मेकॅनिकल स्वतःहून निवडलं होतं. नशिबी आलं ते भिंग.

डायकास्टिंगशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. वितळलेला धातू प्रचंड दाबाने, डोळ्याचं पातं लवायच्या आत साच्यात शिरतो. साच्यातली हवा सगळी बाहेर पडत नाही, काही धातूतच अडकते. साच्याला टेकलेला थर आधी गोठतो, म्हणून कास्टिंगचं वरचं कातडं घट्ट असतं आणि भोकं राहतात आत. आम्ही मशीनवर ते कातडं काढलं की ब्लो होल उघडी पडतात. त्यामुळे कास्टिंगवाला म्हणतो, ‘आमच्याकडून चांगलं गेलं होतं.’ आम्ही म्हणतो, ‘तुमच्याच पोटात होतं.’ दर महिन्याच्या रिजेक्शन मीटिंगला हे भांडण चहा-बिस्किटांसह होतं आणि पुढच्या महिन्यावर जातं.

डोळ्यांची तपासणी किती भरवशाची, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पन्नास पार्ट, तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने प्रत्येक पार्ट तीनदा बघायचा, असा अभ्यास आम्ही केला होता. निकाल एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा ‘कप्पा’ नावाचा आकडा ०.७५ च्या वर असावा अशी अपेक्षा असते, आमचा खालीच राहिला. सकाळी ओके म्हटलेला पार्ट त्याच माणसाने दुपारी एनजी, म्हणजे नापास, केला. यात त्याचा दोष नाही. आठ तास भोकं शोधायला बसलेल्या माणसाला शेवटी सगळीकडे भोकं दिसतात, नाहीतर कुठेच दिसत नाहीत. म्हणून कॅमेरा हवा या मताचा मीही होतो आणि अजूनही आहे.

प्रस्तावाची शीट माझ्याकडे आली. व्हिजन सेलची, म्हणजे कॅमेऱ्याने पार्ट तपासणाऱ्या मशीनची, किंमत ३० लाख. एक इन्स्पेक्टर कंपनीला महिना २४ हजारांना पडतो, म्हणजे सहांचे वर्षाला १७ लाख २८ हजार. त्यातून एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, दीड लाख वजा. पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायला लागणारा काळ, २३ महिने. आमच्याकडे २४ च्या आत असेल तरच फाइल वर जाते. पाच माणसं धरली तर पेबॅक २८ महिने होतो आणि फाइल तिथेच पडून राहते. ‘सहा’ हा आकडा असा ठरला. त्यातली एक इंजिनिअर आहे, हे त्या रकान्यात मावत नाही. हेडकाउंट तो हेडकाउंट.

सेल आला. महिनाभर ती ट्रेनी रोज स्क्रीनवर फोटो उघडून होल कुठलं आणि डाग कुठला ते माउसने रंगवत होती, कारण मॉडेलला हा फरक कुणीतरी शिकवावा लागतो आणि तिच्याइतकी पक्की नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. आपण कशासाठी रंगवतोय हे तिला नीट ठाऊक होतं. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग बाय-ऑफचा दिवस. बाय-ऑफ म्हणजे व्हेंडरने मशीन आमच्यासमोर चालवून दाखवायचं, आम्ही सही करायची आणि मग त्याचे अडकलेले पैसे सुटायचे. प्लांट हेड अकराला येणार होते. मास्टर सेट, म्हणजे आधीच चांगले-खराब ठरवून ठेवलेले पार्ट, सकाळीच लावला. खराब म्हणून ठेवलेले सगळे पार्ट कॅमेऱ्याने पकडले, एकही सुटला नाही. व्हेंडरचा ॲप्लिकेशन इंजिनिअर खूश. मग चालू लॉट लावला आणि लाल बिन भरायला लागला. जवळजवळ दर तिसरा पार्ट एनजी.

पुढचे दोन तास माझ्या आवडीचे होते. पहिला चोर पाणी. वॉशिंग मशीनमधून आलेल्या पार्टच्या ग्रूव्हमध्ये, म्हणजे सीलिंगची रबरी ओ-रिंग बसते त्या खाचेत, थेंब राहत होते, आणि रिंग लाइटखाली थेंबाची कड हुबेहूब ब्लो होलसारखी काळी दिसते. मेंटेनन्सच्या मामांनी तांब्याची नळी वाकवून एअर ब्लो थेट ग्रूव्हवर आणला. ड्रॉइंग नाही, मंजुरी नाही, वीस मिनिटांत काम. दुसरा चोर कूलंटचा वाळलेला डाग. त्यावर डोम लाइट लावला. प्रकाश चहूबाजूंनी सारखा पडला की डाग फिका पडतो, होल मात्र काळंच राहतं, कारण त्याला खोली असते. व्हेंडरच्या पोराने तो लाइट आधीच का लावला नाही? कारण डेमोला त्याच्याकडे आम्ही धुऊन-पुसून ठेवलेले पार्ट गेले होते. डेमोचे पार्ट चालू लाइनवरून, ओलेच उचलून द्यावेत, हे प्रत्येक परचेसवाल्याच्या टेबलावर लिहून ठेवायला हवं.

एवढं करूनही दहात एक पार्ट लाल बिनमध्ये पडतच होता. भिंगाखाली घेतला तर खरंच होल. बारीक, पण होल. म्हणजे आमचे इन्स्पेक्टर इतकी वर्षं हे पार्ट ओके करून पाठवत होते, आणि ग्राहकाची तक्रार नव्हती.

व्हेंडरचा इंजिनिअर म्हणाला, “सर, मला एक आकडा द्या. कितीच्या वर एनजी? थ्रेशोल्ड टाकतो, चहा होईपर्यंत विषय संपला.”

आकडा कुणाकडेच नव्हता. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “झिरो पोरोसिटी.” हाय प्रेशर डायकास्टिंगमध्ये झिरो पोरोसिटी नसते हे त्यालाही माहीत आहे, पण फोनवर झिरो म्हणायला काही खर्च येत नाही. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, “इतके दिवस जातंय ना? जाऊ द्या.” ग्राहकाच्या डिझाइन विभागाला मेल टाकला, त्याचं उत्तर कधी येतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्लांट हेड येऊन उभे. लाइन थांबलेली.

पार्ट चढवायला ती ट्रेनी शेजारीच उभी होती. म्हणाली, “सर, मी होलं लीकशी लावून बघितलीत.”

तिच्या हातात एका टूल सप्लायरने दिवाळीला वाटलेली डायरी होती. प्रत्येक पानावर वर्तुळ, त्याला घड्याळासारखे बारा भाग, त्यात ठिपके. ठिपक्याशेजारी पार्टवरच्या डेटा मॅट्रिक्स कोडचे शेवटचे आकडे. होलचा आकार तिने स्टँडर्ड रूममधून बारीक पिन गेज मागून घेऊन मोजला होता: ०.३ ची जाते, ०.५ ची जात नाही, असं. आणि शेवटच्या रकान्यात त्याच पार्टची लीक टेस्टची व्हॅल्यू. लीक टेस्टचं स्टेशन तिच्या टेबलाला लागूनच आहे. स्क्रीनवरचा आकडा मान वळवली की दिसतो. वाचायला परवानगी लागत नाही, म्हणून वाचला.

डायरीतून निघालं ते असं. ग्रूव्हच्या तळाला ०.५ मिलीमीटरपर्यंतचं एकटं होल असेल तर लीक व्हॅल्यू हलत नाही. ०.८ च्या पुढे हलते. पण ग्रूव्हच्या रुंदीत शेजारी-शेजारी दोन होलं असतील तर ०.४ चीसुद्धा लीक करतात, कारण दाबलेल्या ओ-रिंगचा सील करणारा पट्टा अरुंद असतो आणि दोन होलं मिळून त्याला आरपार वाट करून देतात. बाहेरच्या चॅम्फरवर, म्हणजे तिरक्या कडेवर, होल कितीही मोठं असलं तरी काही बिघडत नाही. तिथे रिंग टेकतच नाही.

आणि एक गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. ठिपके घड्याळाच्या चार ते सहा या भागातच दाटले होते. ती म्हणाली, “गेटचा व्रण समोरच्या बाजूला दिसतो, म्हणजे धातू इथे सगळ्यात शेवटी पोचत असणार. इथला व्हेंट बुजला असेल.” गेट म्हणजे धातू साच्यात शिरतो ते तोंड, व्हेंट म्हणजे हवा बाहेर पडायची वाट. तो डाय, म्हणजे साचा, तिने कधी पाहिलेला नाही. कास्टिंगवाल्याच्या दारातही ती गेलेली नाही.

व्हेंडरच्या इंजिनिअरने ग्रूव्हचे तीन झोन केले, प्रत्येकाला वेगळा थ्रेशोल्ड, शिवाय शेजारच्या होलांचा नियम. कॅमेऱ्याने उगाच फेकलेले पार्ट शंभरात दोनावर आले. काठावरचे सगळे पार्ट लीक टेस्टवर पुन्हा लावून ताळा घेतला, जुळला. संध्याकाळी सही झाली. त्या आठवड्यात मी कास्टिंगवाल्याकडे गेलो. डाय उघडायला लावला. चार ते सहाच्या बाजूचा व्हेंट फ्लॅशने, म्हणजे फटीत शिरून गोठलेल्या धातूने, गच्च बुजलेला होता. टूलरूमने एका शिफ्टमध्ये साफ केला आणि ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा धातू जाण्याच्या खिशाचं, तोंड थोडं मोठं केलं. त्यानंतरच्या लॉटमध्ये ग्रूव्हमधली होलं निम्म्याहून कमी झाली. तीस लाखांचा कॅमेरा जे मोजतो, ते बऱ्याच अंशी एका शिफ्टच्या साफसफाईत कमी होण्यासारखं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हे सगळं विश्लेषण माणसं तपासत होती तोवर कुणाला लागलं नाही. माणसाला ‘बघ जरा’ म्हटलं की तो बघतो, आपला अंदाज लावतो, निभावून नेतो. मशीनला आकडा लागतो. म्हणजे इंजिनिअरिंगची गरज आमच्याकडे मशीनने निर्माण केली, आणि ती भागवणारी व्यक्ती त्याच मशीनच्या पेबॅकमध्ये वजा झालेली.

एचआरने मागे एक सेशन घेतलं होतं, ‘ऑटोमेशन आणि तुमचं करिअर’ अशा थाटाचं. त्यात एक स्लाइड होती: मेकॅनिकल इंजिनिअरला धोका फक्त १ टक्का. टाळ्या. मी घरी येऊन मूळ तक्ता काढला. ऑक्सफर्डच्या कार्ल बेनेडिक्ट फ्रे आणि मायकेल ऑस्बर्न यांचा २०१३ चा अभ्यास, अमेरिकेतले ७०२ व्यवसाय. मेकॅनिकल इंजिनिअर १.१ टक्का, बरोबर. त्याच तक्त्यात मेकॅनिकल ड्राफ्टर ६८ टक्के, आणि इन्स्पेक्टर-टेस्टर ९८ टक्के. ही स्लाइड एचआरने दाखवली नव्हती. तिकडे पदवी, हुद्दा आणि काम एका माणसात बहुधा जुळत असावेत. इकडे बी. ई. झालेली मुलं टूडी ड्रॉइंगवर मापं टाकतात, भिंगाने भोकं शोधतात, कास्टिंगवाल्याला ‘गाडी निघाली का’ असे फोन करतात, आणि ओळखपत्रावर इंजिनिअर लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हुद्द्याऐवजी माणूस प्रत्यक्ष कोणती कामं करतो ते मोजलं, आणि फ्रे-ऑस्बर्न यांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या जास्त धोक्यात सांगितल्या होत्या, त्या तिथे ९ टक्क्यांच्या आसपास आल्या. आमच्या शॉपवर तशी मोजणी केली तर आकडा कुठल्या दिशेला जाईल, याबद्दल मी एचआरइतका निश्चिंत नाही.

ती डायरी घेऊन उभी होती त्या दुपारी ती १.१ मध्ये होती. हजेरीपटावर ९८ मध्ये.

पाच जणांना कॉन्ट्रॅक्टरने रांजणगावच्या दुसऱ्या कंपनीत लावलं. तिच्या ट्रेनिंगचे काही महिने बाकी आहेत, तोवर तिला डॉक्युमेंटेशनला बसवलंय. ग्राहकाला पाठवायच्या पीपॅपच्या, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या, फाइली लावते. कास्टिंग डेव्हलपमेंटला घ्या म्हणून मी मेल केला. उत्तर आलं, बजेटेड हेडकाउंटमध्ये जागा नाही, पुढच्या वर्षी बघू. दरम्यान व्हेंडरच्या इंजिनिअरने तिचा नंबर मागून घेतला, आणि त्यांच्या कंपनीने ऑफर दिली आहे. पगार इथल्यापेक्षा बरा, पण दोन वर्षांचा बाँड.

“सर, मेकॅनिकल सुटेल का माझं?” तिने विचारलं. मी म्हटलं, बाँडचं कलम आधी नीट वाच, आणि साइटवर जाताना कास्टिंग हातात घेता येईल असं काम माग, नुसती लाइट बसवायला जाऊ नकोस. तिने अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या लाइनच्या कॅमेऱ्याची शीट पुन्हा माझ्याच टेबलावर आहे. तोच भाव, माणसंही तिथे सहाच. या वेळी मी पाचच धरली आहेत आणि खाली एक ओळ वाढवली आहे: डायमधले दोष शोधून वाचलेला मशीनिंगचा खर्च, वर्षाला साडेतीन लाख. त्याने पेबॅक २२ महिन्यांवर येतो आणि सहावी खुर्ची इंजिनिअरसाठी राहते. फायनान्सने ती ओळ पिवळी करून परत पाठवली आहे. त्यांचं म्हणणं, मशीन तसंही चालूच असतं, ऑपरेटरचा पगार तसाही जातोच, मग वाचलं काय? एनजी पार्टवर गेलेले मशीनचे तास मी शिफ्टवार काढले आहेत. सोमवारी तो कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे.