दहाचे तेरा होईनात

मंगळवार, रात्री पावणेबारा

या आठवड्यात शेताची लाइन रात्रीची आहे. आप्पा दहालाच बॅटरी घेऊन मोटर लावायला गेले. मी ओट्यावर खाट टाकून बसलेय. अखाजी होऊन गेली, निंबाला बांधलेला झोका अजून कुणी सोडला नाही, आणि बारा वाजायला आले तरी भिंत हाताला गरमच लागते.

मी लिहितेय तो कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, अडलाय. महिनाभरात बरंच जमलं होतं खरं. माझी छोटीशी स्कीम (लिस्पच्या घराण्यातली भाषा) वाचायची आणि एक्स८६-६४ प्रोसेसरचं असेंब्ली ओकायचं, एवढंच त्याचं काम. लिस्पमध्ये वाचण्याचा भाग जवळजवळ फुकट मिळतो, कंस जुळले की झाड तयार. पूर्णांक मी चारने गुणून ठेवते. त्यामुळे खालचे दोन बिट शून्य राहतात आणि त्यांच्यावरूनच हा आकडा की मेमरीतल्या कशाचा पत्ता ते ओळखता येतं. डीबगरमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या पोटात डोकावायच्या साधनात) ४० दिसले की मी आपोआप दहा वाचते. (परवा किराणावाल्याच्या चिठ्ठीवर ४० बघून क्षणभर तसंच झालं. झोप कमी पडतेय.)

क्लोजर मात्र छळतंय. एखादं फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात जन्मतं आणि तिथून बाहेर पडतं. ते पुढे कुठेतरी चालेल तेव्हा आईचा स्टॅक, म्हणजे तिची तात्पुरती जागा, कधीच मोडलेला असतो. म्हणून घर सोडतानाच त्याला शिदोरी बांधून द्यायची: बाहेरची जी जी व्हेरिएबल लागतात त्यांच्या किमती हीपवर, म्हणजे मेमरीतल्या टिकून राहणाऱ्या जागेत, एका ओळीत मांडायच्या, पहिल्या घरात कोडचा पत्ता. हे मी लिहिलं, चाललं, आणि शनिवारी स्वतःवर फार खूश झाले.

आज चाचणीला साधा मोजणारा घेतला. ‘न’ची किंमत १०. त्याच्याभोवती दोन फंक्शनं: ‘वाढव’ एक मिळवतं, ‘दाखव’ किंमत परत देतं. तीनदा वाढव, मग दाखव. उत्तर १०. पुन्हा केलं, १०. जीडीबी हा डीबगर लावून दोन्ही शिदोऱ्या उघडल्या. वाढवच्या घरात ५२, दाखवच्या घरात ४०. म्हणजे वाढवने मिळवले, तेरा केलेही. पण स्वतःच्या डब्यातले. दाखवच्या डब्यात सकाळचेच दहा.

लाइन गेली. बाकी उद्या.

बुधवार, दुपार

कारण कळायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. किमतीची नक्कल करून देणं चुकीचं नाहीच. व्हेरिएबल कधी बदलतच नसेल तर दहा नकला करा, काय फरक पडतो? पण स्कीममध्ये व्हेरिएबलची किंमत बदलणारं सेट! आहे, आणि एकच व्हेरिएबल दोघांच्या शिदोरीत असेल तर नक्कल म्हणजे भांडणाला आमंत्रण.

नोकरीतली भाषा जावा मला लॅम्डाच्या (बिननावाच्या छोट्या फंक्शनच्या) आत बाहेरचं लोकल व्हेरिएबल वापरायला देते, पण ते पुढे कुठेच बदललेलं नसेल तरच. नोकरीत यावरून मी किती वर्षं शिव्या दिल्यात! जावाही तिथे किमतीची नक्कलच करते. फक्त माझ्यासारखी गप्प राहून चुकीचं उत्तर देत नाही, आधीच हात झाडून मोकळी होते. चिडचिड अजून आहेच, पण आता जरा आदराने.

उपाय काही माझा नाही. ऑर्बिट या स्कीमच्या कंपायलरवरच्या १९८६ च्या निबंधात तो आहे, मी तो वाचला होता, मान डोलावली होती आणि पुढचं पान उलटलं होतं. ज्या व्हेरिएबलवर कुठेही सेट! होतो, त्याची किंमत हीपवर एका छोट्या डबीत ठेवायची आणि शिदोरीत फक्त डबीचा पत्ता बांधायचा. पत्त्याच्या नकला कितीही झाल्या तरी डबी एकच.

सकाळी चहाच्या वेळी आप्पा वही काढून बसले होते. शुक्रवारी केळीच्या पिलबागेची कापणी. वहीत रकाने आखलेले: तारीख, घड, वजन, भाव. भावाच्या रकान्यात आकडा नाही, ‘बऱ्हाणपूर’ असं लिहिलेलं. मी यावरून त्यांना मागे हसलेही होते, की आप्पा, रुपयांच्या जागी गावाचं नाव लिहिता?

त्याला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट कारण आहे. सौदा झाला त्या दिवशी आप्पांनी त्यांच्या वहीत भाव लिहिला, व्यापाऱ्याच्या माणसाने त्याच्या वहीत. गाडी तीन दिवस उशिरा आली, तोवर बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव पडला. त्याने आपल्या वहीतला आकडा खोडून नवा केला, आमच्या वहीत जुनाच राहिला. क्विंटलमागे दीडशेचा फरक आणि दोघंही वही दाखवून शपथ घ्यायला तयार. तेव्हापासून आप्पा आकडा लिहीत नाहीत. “दोन जागी आकडा लिहिला का भांडन व्हतंच, माय. ज्या दिवशी माल कापला त्या दिवशी बऱ्हानपूरले काय निघाला ते पाहू.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या रकान्याकडे बघत बसले. आप्पांना वाटलं, वजनात चूक काढतेय.

बुधवार, रात्र

जमलं. आधी सगळा प्रोग्रॅम एकदा चाळून सेट! लागलेली नावं वेचायची, मग त्यांची डबी करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. चाळणीसकट पस्तीसेक ओळी. आता दोन्ही शिदोऱ्यांत एकच पत्ता दिसतो आणि त्या पत्त्यावर ५२. दाखव म्हणतं १३.

मॅकार्थीने १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं आणि १९६२ साली एमआयटीत हार्ट आणि लेविन यांनी लिस्पमध्येच लिहिलेला लिस्पचा कंपायलर स्वतःलाच कंपाइल करत होता. चार वर्षं! माझा स्वतःला गिळायला अजून लांब आहे, कारण कचरा उचलणारा कुणी नाही. प्रत्येक डबी हीपवर जाते आणि तिथेच राहते. आज मोजणारा एक कोटी वेळा नवा बनवायला लावला, तर हीप संपून सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम कोसळला.

साडेबारा. फाटकाची कडी वाजली, आप्पा आले. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. दोन ओळींत पाणी पोचलंच नाही म्हणतात, नळीला उंदरांनी भोकं पाडलीत. उद्या जॉइनर आणायला यावलला जावं लागेल.