अनारसे, तिसरी खेप: हसणं थांबलं, जाळी अर्धवट

मागच्या दोन्ही खेपा तुपात हसल्या, म्हणजे अनारसे तळताना विरून पसरले. दोन्ही वेळा प्रमाण पाककृतींच्या वह्यांमधलंच, पिठाला जेवढ्यास तेवढा गूळ. प्रमाण चुकीचं नाही. पण त्यातल्या बऱ्याच वह्या देशावरच्या कोरड्या हवेत लिहिलेल्या, आणि त्यांत ‘तांदूळ सुकवून घ्यावा’ एवढंच असतं. किती सुकवायचा ते लिहिणारीच्या तळव्याला ठाऊक, म्हणून वहीत नाही. ठाण्याच्या दमट हवेत तेवढ्याच वेळात तांदूळ कमी सुकतो, पिठात पाणी जास्त राहतं आणि त्यात पूर्ण गूळ पडला की मिश्रण सैल होतं. म्हणून या वेळी घड्याळाऐवजी वजनकाटा.

तांदूळ ५०० ग्रॅम, जुना सुरती कोलम, जांभळी नाक्यावरचा. नवा तांदूळ चिकट होतो, बासमती तर नकोच. तीन दिवस भिजत, रोज सकाळी पाणी बदललं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी पाण्यावर फेस आला, तेव्हा संध्याकाळीही बदललं. किंचित आंबूस वास हवाच. कुबट आला तर तो तांदूळ टाकून द्यायचा, धुऊन जात नाही.

निथळल्यावर वजन ६२० ग्रॅम. सुती पंचावर पसरून सावलीत ठेवला. चाळीस मिनिटांनी ६०५, सत्तर मिनिटांनी ५९०. इथे थांबलो. मूठ भरून सोडली तर दाणे तळव्याला चिकटत नाहीत, पण हाताला गारवा लागतो. याहून कोरडा झाला तर पीठ गूळ शोषत नाही आणि अनारसा खडखडीत होतो. मिक्सर थांबत थांबत फिरवला, कारण भांडं तापलं की पीठ वाफेने गोळा होतं. मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळून ५६० ग्रॅम पीठ मिळालं. वर राहिलेली कणी पुन्हा दळण्याच्या फंदात पडू नये, लापशीत घालावी.

दीडशे-दीडशे ग्रॅमचे तीन वाटे केले, उरलेलं पीठ फ्रीजमध्ये राखून ठेवलं. गूळ साधा पिवळा, बारीक किसलेला. चिक्कीचा गूळ घेतला तर अनारसे चिवट होतात. पहिल्या वाट्यात १५० ग्रॅम गूळ, दुसऱ्यात १२०, तिसऱ्यात १०५. प्रत्येकात चमचाभर तूप. सुरुवातीला मिश्रण भुसभुशीत लागतं, तेव्हा दुधाचा हात लावायचा मोह होतो. लावू नये. रात्रीत गूळ पाझरतो आणि गोळा आपोआप मऊ होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात पाच दिवस ठेवलं.

तळण: पसरट लहान कढई, ३०० ग्रॅम तूप, आच मंद, थर्मामीटरवर १४० ते १५०. पंचवीस ग्रॅमचा गोळा खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून एकेकच सोडायचा. उलटायचा नाही, चमच्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं. बदामी झाला की झाऱ्याने उचलून चाळणीत तिरका उभा करायचा, आडवा ठेवला तर तूप पिऊन बसतो.

पहिल्या वाट्याचा घाणा पुन्हा हसला: पीठ शिजून धरायच्या आत गूळ वितळला, कडा विरल्या आणि कढईत नुसता गाळ. राखलेलं पीठ दोन मोठे चमचे मळून चार तास ठेवल्यावर त्याच गोळ्याचे बरे अनारसे झाले. तिसरा वाटा फुटला नाही, पण कडक आणि जाळीविना. त्यात चमचाभर पिकलं केळं कुस्करल्यावर सुधारला. केळं तळायच्या वेळीच आणि तेवढ्याच गोळ्यात घालावं. डब्यातल्या सगळ्या पिठात घातलं तर ते टिकत नाही.

दुसरा वाटा जमला. कडेला सुरेख जाळी, मध्ये मात्र रुपयाएवढा गच्च भाग. थापताना बोटं मधून कडेकडे जायला हवीत. इथे कडा पातळ झाल्या, मध्य जाड राहिला. तळणारा आणि थापणारा वेगळा असावा हे बायका का सांगतात ते कळलं. तूप लागलेल्या हाताला खसखस चिकटते आणि थापण्याचा अंदाज जातो.

अधिक महिन्याच्या वाणासाठी करणाऱ्यांनी सुकवणीवर जास्त लक्ष द्यावं. २०२३ चा अधिक श्रावण ऐन पावसात आला होता. तशा हवेत सत्तर मिनिटांत काही होत नाही, पंखा लावून वजनच पाहावं लागतं. जावयाच्या ताटातले ३३ अनारसे अखंड हवेत, म्हणून गोळे चाळीसचे धरावेत. दोन-चार फुटतातच, आणि पहिला चाखायला लागतो.

दुसऱ्या वाट्यातले सहा गोळे फ्रीजमध्ये आहेत. ते दहाव्या दिवशी, मध्य पातळ थापून.