डिचोलीचं ब्रेसलेट आणि लिलावातली शेवटची तीन मिनिटं

म्हापशात एका पतसंस्थेसाठी मी सोन्याचं मूल्यांकन करतो. तारणाला येणारे डाग, म्हणजे दागिने, बहुतेक २२ कॅरेटचे असतात: पाटल्या, मोहनमाळ, बांगड्या, मंगळसूत्र. चवथीच्या आधी गर्दी वाढते. त्या गर्दीत डिचोलीच्या एका वहिनींनी लाल खड्यांचं ब्रेसलेट पुढे ठेवलं आणि सोबत एक छापील प्रमाणपत्र दिलं. १४ कॅरेट सोनं, नैसर्गिक माणिक ६.४० कॅरेट, हिरे ०.५० कॅरेट, अंदाजे किरकोळ किंमत २,८५,००० रुपये. ऑनलाइन लिलावात ते त्यांना ६१,५०० रुपयांच्या बोलीवर मिळालं होतं. "शेट, याच्यावर दीड लाख तरी मिळतील ना?" त्यांनी विचारलं. नवरा बोटीवर, घराच्या छपराचं काम अर्धवट आणि भाऊ सोबतीला आलेला.

तारणाचा हिशोब खड्यांना धरून होत नाही. बँक असो की पतसंस्था, पैसे निव्वळ सोन्यावर मिळतात. ब्रेसलेटचं एकूण वजन ११.२० ग्रॅम भरलं. खड्यांच्या वजनात १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा ६.९० कॅरेट खड्यांचे १.३८ ग्रॅम वजा केले, उरलं ९.८२ ग्रॅम. सोन्यात मात्र कॅरेट हे शुद्धतेचं माप: १४ कॅरेट म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, म्हणून शुद्ध सोनं ५.७४ ग्रॅम. हिशोब सोपा जावा म्हणून २४ कॅरेटचा ग्रॅम ७,००० रुपये धरा, सोन्याची किंमत येते ४०,२०० च्या आसपास. कर्ज त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ३० हजार. हा आकडा ऐकून वहिनी गप्पच झाल्या. भाऊ म्हणाला, "म्हणजे सोनं खोटं आहे?"

सोनं खोटं नव्हतं. क्ष-किरणांनी शुद्धता मोजणाऱ्या एक्सआरएफ मशिनवर मी कडी, मधला दुवा आणि हुकाची आतली बाजू अशा तीन जागा तपासल्या. तिन्हीकडे ५८ टक्क्यांच्या वरच आलं. एकाच जागेवर विसंबू नये, कारण हे यंत्र फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं. चांदीवर जाड मुलामा असेल तर तेही फसतं. हुकाच्या आतल्या बाजूला मुलामा घासला जातो, म्हणून तिथलं वाचन महत्त्वाचं. कसोटीवर मात्र डाग घासला नाही. परत पाठवायची वेळ आली तर "तुम्हीच नुकसान केलं" असं म्हणायला विक्रेत्याला कारण मिळायला नको.

खड्यांचं वजनही बरोबर होतं. आठ लंबगोल खडे, प्रत्येक ६ बाय ५ मिलीमीटरचा, खोली ३.३. जडवलेला खडा न काढता वजन असं काढतात: लांबी-रुंदीची सरासरी ५.५, तिचा वर्ग ३०.२५, गुणिले खोली, गुणिले माणकाची घनता ४, गुणिले ०.००२. उत्तर ०.८० कॅरेट. आठांचे ६.४०, कागदावर होते तेवढेच. मला इथेच खरा संशय आला. काट्यावर आणि मशिनवर जे पकडलं जाऊ शकतं ते सगळं चोख होतं. घरी बसलेल्या गिऱ्हाइकाला जे तपासता येत नाही, तिथेच पाहायला हवं होतं.

दहापट भिंगाखाली पहिलाच खडा तिरका धरून हळू फिरवला आणि आतल्या चिरेतून निळसर चमक सरकली. पुढच्या खड्यात चपटे झालेले हवेचे बुडबुडे. मग प्रकाश पृष्ठभागावरून परावर्तित होईल असा खडा धरला. जिथे चिरा वर येऊन उघडल्या होत्या तिथे बारीक, निस्तेज रेघा दिसल्या, आणि बाजूचा माणकाचा भाग मात्र झळाळता. हे शिशाच्या काचेने भरलेलं माणिक. हलक्या, चिरांनी भरलेल्या, जवळजवळ अपारदर्शक कोरंडमला (माणिक ज्या खनिजाचं असतं ते) तापवून चिरांत शिसंयुक्त काच उतरवतात. मग दगड एकदम पारदर्शक, लालभडक दिसतो. २००४ च्या सुमारास असा माल बाजारात मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. कॅरेटला काही शे रुपयांतही तो मिळतो. खऱ्या, न भरलेल्या चांगल्या माणकाशी त्याच्या किमतीची तुलनाच होत नाही.

अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा, रिफ्रॅक्टोमीटरवर मोजला तर तो माणकाचाच, १.७६ ते १.७७ येतो, कारण मूळ दगड माणिकच असतो. नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबणारा त्यामुळे फसतो. असा खडा टिकतही नाही. कडी तुटली म्हणून सोनाराने खडे न काढता डाख लावला तर उष्णतेने काच फुटते किंवा पांढरी पडते. डाग उजळायच्या आम्लात टाकला तर काच खाल्ली जाते. लिंबाचा रस बराच वेळ लागला तरी पृष्ठभागावर पांढऱ्या रेघा उमटतात. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात हा दागिना किती दिवस लाल राहील? प्रमाणपत्रावर याबद्दल काय होतं? "नैसर्गिक माणिक, गुणवर्धित". काचेचा उल्लेख कुठेच नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता आणि विक्रेत्याच्या बिलावरचा पत्ता एकच होता. जीआयएसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर त्याचा क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. इथे पडताळायला क्रमांकच नव्हता. हिरे खरे होते, पण बारीक आणि डागाळलेले, त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट कडीवर दिसली, खरं तर दिसली नाही. फक्त "५८५" असा ठसा होता. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह नाही, एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक डागाचा वेगळा सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक, तोही नाही. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. सक्तीच्या कॅरेटांत १४ आहे, आणि दोन ग्रॅमखालचे डाग किंवा कुंदन-पोलकी-जडाऊ यांना असलेली सवलत या ब्रेसलेटला लागू होत नव्हती. एचयूआयडी असला तरी तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघावा. तिथे शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र, तारीख आणि नगाचा प्रकार येतो. हातात ब्रेसलेट आणि ॲपवर "अंगठी" असं आलं तर क्रमांक दुसऱ्याच डागाचा आहे. मशिन नसलेल्या गावातल्या माणसालाही मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात चार डागांपर्यंत २०० रुपयांत शुद्धता तपासून मिळते. हॉलमार्क असलेल्या डागाची शुद्धता कमी भरली तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. इथे तूट नव्हती, त्यामुळे तो मार्ग बंद होता.

मग भावाने मोबाइल काढला. वहिनींनी लिलाव चालू असताना नवऱ्याला पाठवायला स्क्रीनशॉट काढले होते, बोल्यांच्या यादीसकट. माझ्या कामाचा तो भाग नव्हता, पण यादी वाचल्यावर बाजूला ठेवता येईना.

अशा साइटवर आपण आपली कमाल बोली गुप्तपणे भरून ठेवतो. वहिनींनी ६२,००० भरले होते. समोरचा बोली लावेल तसं यंत्रणा आपल्या वतीने त्याच्या एक पायरी वर जाते. इथे पायरी ५०० ची होती. आदल्या दिवशी, भाव ३८,५०० असताना, एका खात्याने १,२०,००० ची बोली टाकली आणि चार मिनिटांत मागे घेतली. कारण दिलेलं "चुकून जास्त शून्य". बोली पडताच भाव ६२,५०० दाखवू लागला, म्हणजे वहिनींची कमाल मर्यादा उघडी पडली. मागे घेताच भाव पुन्हा ३८,५०० वर आला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तीन मिनिटांत दोन खाती आलटून पालटून आली: ३९,०००, मग ४०,०००, मग ४१,०००. प्रत्येक वेळी यंत्रणा वहिनींच्या वतीने ५०० वाढवत होती. दर सात-आठ सेकंदांनी एक, अशा २३ बोल्या. शेवटची ६१,००० ची. तिथे दोघंही थांबले. पुढच्या पायरीला बरोबरी झाली असती आणि त्याच्या पुढच्या पायरीला ब्रेसलेट त्यांच्याच गळ्यात पडलं असतं.

आठवडा उलटल्यावर त्याच फोटोचं ब्रेसलेट पुन्हा लिलावात होतं, "एकमेव नग" म्हणून, आणि बोल्यांत त्यातलं एक खातं परत हजर.

मी त्यांना तेव्हाच सांगितलं की हा संशय भक्कम आहे, पण हा पुरावा नाही. बोली हातोडा पडेपर्यंत मागे घ्यायचा हक्क कायदाच देतो. एकाच फोटोवर गोदामातले दहा नग विकणं ही आळशी विक्री असू शकते. दोन खरे हौशी बोलीदार एकाच वेळी दमले असंही घडू शकतं. ती खाती कोणाची, हे फक्त साइटला माहीत. पण असे प्रकार घडतात हे नोंदीवर आहे. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने २००७ मध्ये दागिन्यांच्या ऑनलाइन लिलावात मालक आणि नोकरच आपल्या मालावर बोल्या लावत असल्याचं उघड करून कंपनीकडून ४ लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडे १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ याबाबत स्पष्ट आहे: विक्रेत्याने बोली लावायचा हक्क आधी जाहीर राखून ठेवलेला नसेल तर त्याला किंवा त्याच्या माणसाला बोली लावता येत नाही. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर खरेदी रद्द करायचा हक्क घेणाऱ्याचा.

म्हणून तक्रार लिहिताना क्रम उलटा ठेवायचा. मनात राग बोल्यांचा असतो, पण सिद्ध होतं ते वर्णन आणि वस्तू यांतलं अंतर. पहिला मुद्दा काचेने भरलेले खडे, त्यासोबत स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल. दुसरा मुद्दा एचयूआयडी नसणं, त्यासोबत कडीचा जवळून घेतलेला फोटो. हीच तक्रार बीआयएस केअरवर वेगळी. तिसरा मुद्दा बोल्या, सगळे स्क्रीनशॉट वेळेसकट. पैशांचा हिशोबही पूर्ण मांडायचा. बोली ६१,५००, त्यावर १० टक्के खरेदीदार शुल्क ६,१५०, दोन्हींवर ३ टक्के जीएसटी २,०३०, पाठवणी १,४५०, एकूण ७१,१३०. बोली लावताना डोळ्यांपुढे फक्त पहिला आकडा असतो. शुल्क अटींच्या पानावर होतं, बोलीच्या बटणाजवळ नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या फसव्या रचनांना मनाई केली, त्यांत किंमत अशी तुकड्यातुकड्याने उघड करणं आहे, आणि खोटी घाई निर्माण करणंही आहे.

परतीची मुदत १५ दिवसांची होती आणि अजून संपली नव्हती, हे त्यांचं नशीब. पार्सल बंद करताना सलग व्हिडिओ काढायचा: आधी काट्यावर ११.२० चा आकडा, मग कडीचा ठसा, मग प्रत्येक खडा, मग पेटी चिकटवणं आणि कुरिअरची पावती. मध्ये कट नको. नाहीतर "दुसराच नग आला" असं उत्तर येतं. विमा ७१,१३० चा, २,८५,००० चा नव्हे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा असतो. पोच आली. महिना संपायच्या आत बोली, शुल्क आणि कर मिळून ६९,६८० परत आले, कारण दिलं "वर्णनाबाबत गैरसमज". पाठवणीचे १,४५० दिले नाहीत. बोल्यांच्या प्रश्नावर एक ओळही नव्हती.

वहिनींनी तिथे थांबायचं नाही असं ठरवलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. साइटचा वकील लिलावातला खरेदीदार ग्राहकच नाही असं म्हणेल, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा चंदीगडच्या भूखंड लिलावावरचा २००९ चा निकाल दाखवेल, याची तयारी ठेवावी लागते. त्याला उत्तर असं, की तो निकाल "आहे तसा" विकलेल्या जागेचा होता. इथे साइटने सेवा देऊन १० टक्के शुल्क घेतलं आणि वस्तूचं लेखी वर्णन केलं. अर्जात नुकसानभरपाईच्या वर पहिली मागणी ठेवली आहे ती अशी: त्या दोन खात्यांची नोंदणीची तारीख, आयपी पत्ते, पैसे भरण्याचं साधन आणि त्यांनी आजवर जिंकलेल्या लिलावांची यादी साइटने आयोगापुढे सादर करावी.