आमची वाटचाल : ड्रेसिंगच्या फेऱ्यांपासून एअर बेडपर्यंत

नाशिकला सिडकोत आम्ही होम नर्सिंग सुरू केलं तेव्हा सगळी कमाई फेऱ्यांवर होती. सिस्टर घरी जाऊन बेडसोरचं, म्हणजे पडून राहिल्याने दाबाखाली झालेल्या जखमेचं, ड्रेसिंग करणार, त्या फेरीचे पैसे. पेशंट बहुतेक अर्धांगवायूचे, नाहीतर खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. जखम माकडहाडावर किंवा टाचेवर. हाडापर्यंत गेलेली असेल तर भरायला महिनेच्या महिने लागतात आणि तोवर घरातून पैसा जातच राहतो. पेशंटला सांभाळायला ठेवलेल्या मावशीचा पगार तर बहुतेक मेडिक्लेममध्ये बसतच नाही.

घरचे लोक किंमत बघून ड्रेसिंगला गॉज, म्हणजे जाळीदार कापड, निवडायचे. गॉज स्वस्त खरा, पण तो रोज बदलायचा तर महिन्याला ३० फेऱ्या. जखमेत जंतुसंसर्ग नसेल, स्राव बेताचा असेल, तर फोमचं ड्रेसिंग तीन दिवस राहतं, फेऱ्या १०. हा हिशेब आम्ही कागदावर मांडून दाखवू लागलो. आमच्या फेऱ्या घटल्या, पण जखम रेंगाळली तरच चालेल असा धंदा मला करायचा नव्हता.

मग एअर बेड, म्हणजे अंगावरचा दाब कमी करणारी पंपाच्या हवेची गादी, भाड्याने द्यायला लागलो. तो नुसता पोचवून भागत नाही. माणूस झोपल्यावर कमरेखाली गादीच्या तळाशी हात घालून बघायचं. अंग हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वर जाड गोधडी घातली की बेडचा उपयोग गेला. वीज गेली की पंप बंद, म्हणून इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारतो.

बेड असला तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. पाठीमागे उशी देऊन जेमतेम ३० अंश कलवायचं, टाचा अधांतरी ठेवायच्या. अंग पुसताना लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. पांढरा पडला नाही तर ती बेडसोरची पहिली स्टेज. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का बघायचं. इथेच त्या जागेवरचा भार काढला तर बहुतेक वेळा ड्रेसिंगपर्यंत गोष्ट जातच नाही.

रात्रीची मावशी बऱ्याच घरांना परवडत नाही. तिथे सून नाहीतर मुलगा उठतो. त्यांना शिकवायला जायचे पैसे आम्ही घेत नाही.