सुलमोना ते लाक्विला: गादी सोडणाऱ्या पोपच्या वाटेवर

बाबा कितीतरी वर्षं आळंदीहून पायी जायचे, आता गुडघ्यांमुळे बंद झालंय, आणि मी रोमला नोकरीला आल्यापासून माझीही वारी सुटली, आषाढात फोनवर टाळमृदंग ऐकला की जीव कासावीस व्हायचा. म्हणून ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की ऑगस्टच्या शेवटी मध्य इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरातून लाक्विला शहराला चालत जाऊया, तिथल्या चर्चमध्ये पोप सेलेस्तिनो पाचव्याने सुरू केलेल्या क्षमेचं दार उघडतं, तर मी पुढचं काही न विचारता हो म्हटलं.

सुरुवात सुलमोनाजवळच्या मोर्रोने डोंगरावरून. वर कड्याला चिकटून सांत ओनोफ्रियो नावाचा छोटा मठ आहे, चढ खडा, सकाळी आठलाच घाम निथळत होता. आतली सेलेस्तिनोची कोठडी बघितली आणि मी गप्पच झाले. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीशी जागा, खाली दगड. तो तेव्हा पिएत्रो नावाचा ऐंशीच्या आसपासचा म्हातारा साधू होता, इथे राहात होता, आणि तिकडे पेरुजात कार्डिनल लोकांचं, म्हणजे पोप निवडणाऱ्या बड्या धर्मगुरूंचं, सव्वादोन वर्षं पोप कोण यावर एकमत होत नव्हतं. शेवटी 5 जुलै 1294 ला त्यांनी याचं नाव घेतलं आणि माणसं हा डोंगर चढून त्याला सांगायला आली. (आपल्याकडे तेव्हा ज्ञानेश्वरी लिहून चारच वर्षं झाली होती, हे आठवलं आणि अंगावर काटा आला.)

पुढचे चार दिवस रायानो, मग आतेर्नो नदीच्या कडेने वरवर. दुसऱ्या दिवशी टाचेला मोठा फोड आला. एका गावात दारात बसलेल्या आजींनी माझं लंगडणं बघून आत नेलं, पाय बादलीत ठेवायला लावला आणि निघताना मुठीत सुलमोनाचे साखरेचे बदाम दिले, पैसे काढले तर चक्क रागावल्या. फोंतेक्कियोच्या चौकात जुनं दगडी कारंजं आहे, तिथलं पाणी प्यायलो, तोंडावर मारलं, मग झाडाखाली आडवे झालो. मुक्कामाला अनोळखी माणसं एकमेकांचे पाय चोळून देतात, हे इथेही तसंच आहे.

सेलेस्तिनो मात्र लाक्विलाला गाढवावर बसून आला होता, लगाम धरायला नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा आणि त्याचा मुलगा. 29 ऑगस्टला कोल्लेमाज्जोच्या चर्चमध्ये त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला. कारभार त्याला जमला नाही हे खरंच आहे, एकच पद दोघादोघांना देऊन बसायचा, राजाच्या शब्दाबाहेर जाता यायचं नाही, आणि नेपल्सच्या किल्ल्यातही त्याने स्वतःसाठी लाकडी कोठडी बांधून घेतली होती. 13 डिसेंबरला त्याने आपणहून पद सोडलं. लोक याला पळपुटेपणा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, ती कोठडी बघितल्यावर तर नाहीच. पुढचा पोप बोनिफेस आठवा, त्याने याला मोकळं राहू दिलं नाही, पळून जाताना समुद्रकाठी पकडून फुमोनेच्या किल्ल्यात कोंडलं आणि 19 मे 1296 ला तो तिथेच गेला.

पण तेवढ्या महिन्यांत त्याने एक गोष्ट केली. 28 ऑगस्टच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून 29 च्या संध्याकाळपर्यंत जो कोणी मनापासून पश्चात्ताप करून, पापांची कबुली देऊन या चर्चमध्ये येईल त्याला पूर्ण क्षमा, आणि त्यासाठी एक पैसा नको. तेव्हा अशी क्षमा मिळवायला सहसा क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, जावं लागे, गरिबाने काय करायचं? बोनिफेसने ती क्षमा रद्द ठरवली पण गावाने तिचा कागद दिलाच नाही, आजही तो कागद मेयर सगळ्यांसमोर वाचतात.

28 ला संध्याकाळी आम्ही गुलाबी-पांढऱ्या दगडांच्या त्या भिंतीसमोर पोचलो. 2009 च्या भूकंपात याच चर्चचं छप्पर कोसळलं होतं, सेलेस्तिनोचा देह ठेवलेली काचेची पेटी ढिगाऱ्यातून काढली. ऑलिव्हच्या काठीने दारावर तीनदा ठोकलं आणि दार उघडलं, गर्दी एकदम पुढे सरकली, माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या, मीही. आत सेलेस्तिनो काचेत झोपलेला, चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा. भूकंपानंतर तेव्हाचे पोप बेनेडिक्ट सोळावे इथे येऊन आपला लोकरी पट्टा त्याच्यावर ठेवून गेले होते, आणि 2013 ला त्यांनीही पद सोडलं.

दुसऱ्या दिवशी दार बंद व्हायच्या आधी मी परत रांगेत उभी राहिले आणि पुन्हा एकदा आत जाऊन आले, बाबांच्या नावाने.